आधी नाव, मग हात

ताई : तू आत गेलासच कशाला?

भाऊ : कशाला म्हणजे? ती हाक मारत होती आणि तू दारात त्या गिऱ्हाइकाशी कोटाच्या बाहीवरून हुज्जत घालत होतीस. उशी सरकली होती आईची, ती नीट करायला गेलो.

ताई : आणि ती किंचाळली.

भाऊ : अगं, अशी किंचाळली की तुझं गिऱ्हाईक पळालं.

ताई : येईल परत. एक बाही माझ्याकडे आहे, जाणार कुठे. तू आत जाऊन काय बोललास ते सांग.

भाऊ : बोलणार काय? "आई, मी आहे" म्हणालो.

ताई : मी तर काय, सगळं जगच 'मी' आहे. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय ते वाचलं नाहीस? आधी नाव, मग हात. डाव्या अंगाचं तिला काही दिसत नाही, उजव्या अंगाचं सगळं धुरकट. आवाज कानात जातो, पण कुणाचा ते तिला आता कळत नाही. बाईचा की पुरुषाचा हेसुद्धा नाही. एकटं नाव तेवढं कळतं. कानाशी वाकायचं, नाव सांगायचं, ती 'हं' म्हणेपर्यंत थांबायचं, मग हात लावायचा. नाहीतर तिला वाटतं, काळोखातून कुणाचा तरी पंजा आला.

भाऊ : बरं. चुकलं.

ताई : चेहरा का असा पडलाय तुझा? एवढं मनावर घेऊ नकोस, ती सगळ्यांवर ओरडते. चावली नाही ना?

भाऊ : नाही. ते राहू दे. ताई, तुझ्या ग्रुपबद्दल विचारायचं होतं.

ताई : 'उशाशी'बद्दल? बघितलास का उघडून? सकाळी तुला अ‍ॅडमिन केलं आणि खरं सांगते, पाठीवरचं अर्धं पोतं उतरलं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि त्याला सांभाळणारे आपण, अशा सगळ्यांचा ग्रुप. पहिल्यांदा वाटलं होतं, पाच-पन्नास जण येतील. आता रोज इतकं लिहितात लोक की मी ते वाचू का शिवू. तूच म्हणायचास ना, ताई, खुर्चीत बसून करता येईल असं काहीतरी काम मला सांग.

भाऊ : हो. म्हणायचो.

ताई : मग?

भाऊ : लोक नाव लपवून लिहितात ना, ते आपल्याला नावासकट दिसतं.

ताई : अ‍ॅडमिनला दिसावंच लागतं. उद्या कुणी लिहिलं की आता मला जगायचं नाही, तर कुणाच्या घरी फोन करायचा? म्हणून ती सोय आहे. पण दिसलेलं नाव ओठांवर आणायचं नाही. नियमांत पहिल्याच ओळीत ते लिहिलंय.

भाऊ : नियम कोण वाचतं.

ताई : निदान अ‍ॅडमिनने वाचावेत अशी अपेक्षा असते बाबा. असो. आजपासून जे लिहितील त्यांची नावं तुला दिसतील. त्याआधीच्यांची नाहीत.

भाऊ : आधीच्यांचीही दिसतात.

ताई : नाही दिसत.

भाऊ : दिसतात, ताई. पार पहिल्या दिवसापासूनची.

ताई : दाखव.

भाऊ : हे बघ. आणि हे. आणि हे दोन वर्षांपूर्वीचं.

ताई : अरे देवा.

भाऊ : तुला माहीत नव्हतं?

ताई : मला कुठून माहीत असणार? इतके दिवस मी एकटीच तर होते. दुसरा अ‍ॅडमिन आला की त्याला काय काय दिसतं, हे बघायला दुसरा होता कुठे? मला वाटलं, तो आपला पुढचं बघेल. नव्या भाडेकरूच्या हातात जुन्याच्या कपाटाची किल्ली देतात का कुणी? देवा रे. कुणाकुणाची बघितलीस?

भाऊ : ताई, ते महत्त्वाचं नाही.

ताई : कुणाकुणाची बघितलीस?

भाऊ : तुझ्या कोपऱ्यावरचा तो चष्मेवाला. त्याने लिहिलंय की तो वडिलांना...

ताई : गप्प बस. पुढचा शब्द काढू नकोस. परवा मला त्याच्यासमोर बसून डोळे तपासून घ्यायचेत. तो माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला वाटतं, हिच्याजवळ माझं गुपित सुरक्षित आहे. आणि ते होतं रे. आज सकाळपर्यंत होतं.

भाऊ : मी काय गावभर सांगणार आहे का?

ताई : तू सांगशील की नाही हा प्रश्नच नाही. मी शब्द दिला होता, एकीलाच दिसेल. नवरा-बायको एकमेकांना सांगत नाहीत ते लोक तिथे येऊन लिहितात, त्या एका शब्दावर. आण इकडे फोन, तुला आधी काढते त्यातून.

भाऊ : काढ. खुशाल काढ. पण मला जे बघायचं होतं ते बघून झालं.

ताई : काय बघून झालं?

भाऊ : "आज मी आईला दुपारभर ओल्यात ठेवलं." पुढचं म्हणू? पाठ आहे मला.

ताई : नको. लिहिणारीलाही पाठ आहे.

भाऊ : मला वाटलं फोन बिघडला. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा उघडलं. तुझंच नाव. वर तुझा तो हिरव्या शालीतला फोटो, मीच काढलेला. मी समोरच्या खुर्चीत बसलो होतो, तू इथे मशीनवर टीप मारत होतीस आणि गुणगुणत होतीस. मला कळेना की ही बाई कोण आहे.

ताई : हजारो पोस्टींमधून नेमकी तीच कशी सापडली तुला?

भाऊ : शोधली मी.

ताई : का?

भाऊ : कारण ग्रुपात नुसता वाचक होतो तेव्हाच ती पोस्ट वाचली होती, तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं. आंघोळ करताना आठवायची, गाडी चालवताना आठवायची. एक असहाय म्हातारी ओल्यात पडून हाका मारतेय, आणि तिची मुलगी शेजारच्या खोलीत बसून बिस्किटं खातेय. मी ठरवलंच होतं, हिचं नाव कळलं तर हिच्या घरच्यांना कळवायचं. सिरियसली. आज अ‍ॅडमिन झालो, नावं दिसायला लागली, म्हटलं बघू तरी कोण ही.

ताई : म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून तुझं पहिलं काम हे.

भाऊ : विषय बदलू नकोस.

ताई : नाही बदलत. घरच्यांना कळवायचं होतं ना तुला? कळलं घरच्यांना.

भाऊ : हसण्यावारी नेऊ नकोस, ताई. खरं आहे ते?

ताई : अक्षर न् अक्षर.

भाऊ : मुद्दाम?

ताई : मुद्दाम. ती हाका मारत होती आणि मी बिस्किटांचा पुडा संपवला. एकेक बिस्कीट चहात बुडवून, सावकाश. कसलीही चव लागत नव्हती, पण संपवला.

भाऊ : आणि शेवटची ओळ? सकाळी दार उघडावं आणि ती...

ताई : तीही खरी. त्या दिवशीपुरती खरी.

भाऊ : आई आहे ती आपली.

ताई : बरं झालं सांगितलंस.

भाऊ : किती वेळा केलंस असं?

ताई : एकदा.

भाऊ : मी कसं मानू?

ताई : नको मानूस. आत जा आणि तिची पाठ बघ. इतकी वर्षं आडवी आहे ती. एक जखम सोड, लाल डागसुद्धा सापडणार नाही. डॉक्टर आले की शिकाऊ पोरींना बोलावून दाखवतात तिची पाठ. मी खोटं बोलेन, पाठ बोलणार नाही.

भाऊ : मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो, माझी बहीण म्हणजे देवमाणूस आहे. लोक म्हणतात नशीबवान आहेस.

ताई : ते तू तुझ्या सोयीने म्हणतोस रे. देवमाणसाला सुट्टी द्यावी लागत नाही.

भाऊ : हे बघ, मी आज भांडायला आलो नव्हतो. पण हे ऐकल्यावर मी तिला इथे ठेवू शकत नाही. मी आजच घेऊन जातो तिला.

ताई : ने.

भाऊ : मी खरंच म्हणतोय.

ताई : मीही खरंच म्हणतेय. कुठल्या खोलीत ठेवशील?

भाऊ : हॉलमध्ये. खिडकीशी.

ताई : छान. उजेड उजव्या अंगाने येऊ दे, तेवढाच तिला कळतो. बायकोला विचारलंस?

भाऊ : विचारीन. ती नाही म्हणणार नाही.

ताई : नाही म्हणणार नाही. गप्प बसेल. ते जास्त जड जातं. दिवसा कोण बघेल?

भाऊ : बाई ठेवू. चांगली, शिकलेली, एजन्सीची.

ताई : मीही ठेवल्या होत्या. पहिली आठवडाभर टिकली. दुसरी फोनवर बोलत बोलत घास भरवायची, मीच घालवली. तिसरी गुणाची होती, पण एकदा नाव न सांगता हात लावला आणि आईने तो असा चावला की टाके पडले. तिने मला हात जोडले आणि गेली.

भाऊ : मग मी रजा घेईन.

ताई : किती? मी टोचून बोलत नाहीये. नेणार असशील तर तिचा एअर बेड, औषधं, कुशीला लावायच्या चार उश्या, सगळं बांधून देते. त्यातली निळी उशी तिची नाही, माझी आहे. तीही ने. तिला सवय झालीये.

भाऊ : तू इतकी शांत कशी काय बोलू शकतेस? मी इथे थरथरतोय.

ताई : मी तेव्हाच थरथरून घेतलंय.

भाऊ : झालं काय होतं त्या दिवशी? इतकी वर्षं तू नीट केलंस, मग एकदम काय झालं? भांडण? आजारी होतीस?

ताई : ते मी पोस्टमध्ये लिहिलं नाही. ते घरातलं होतं.

भाऊ : मी घरातलाच आहे.

ताई : सकाळपासून हाका मारत होती.

भाऊ : आजारी माणूस हाका मारणारच.

ताई : तुझ्या नावाने मारत होती. "बोक्या, बोक्या." मी जायचे, कानाशी वाकायचे, माझं नाव सांगायचे. ती म्हणायची, तू नको. त्याला पाठव. सकाळचा घास थुंकली माझ्या अंगावर. त्याला पाठव. औषध घेईना, त्याला पाठव. दुपारी ओली झाली म्हणून चादर बदलायला गेले, नाव सांगितलं, तर म्हणाली, तू सारखी सारखी का येतेस? तू गेलीस तरी चालेल. बोक्याला पाठव. मग मी बाहेर आले. म्हटलं बरं, बसते इथे. बघू पाठवतं का कुणी बोक्याला.

भाऊ : तू मला फोन करायचास.

ताई : केला होता.

भाऊ : कधी?

ताई : तेव्हाच, बिस्किटांच्या आधी. "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" असं आलं. नंतर तू विसरलास. माणूस विसरतो, मी धरून बसले नाही. पण कुठेतरी बोलायला हवं होतं मला, नाहीतर मी भिंतीवर डोकं आपटलं असतं. तिथे लोक मला ताई म्हणतात, सल्ले विचारतात. त्यांच्यापुढे ताई म्हणून कसं लिहू? म्हणून नाव लपवून लिहिलं. माझ्याच ग्रुपमध्ये चोरासारखी शिरले आणि लिहून आले.

भाऊ : आणि लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. वाचलं ना मी सगळं. "मीही असं केलंय", "रडू नका", "झोप काढा थोडी". शंभर जणांत एकालाही लाज वाटली नाही.

ताई : एकाला वाटली की.

भाऊ : कुणाला?

ताई : "तुम्हाला आई हा शब्द उच्चारण्याचा अधिकार नाही. तिला दुसरी मुलं असतील तर तिला त्यांच्या हवाली करा आणि चालत्या व्हा. तुमच्या म्हातारपणी तुम्हीही अशाच ओल्यात पडाल आणि कुणी येणार नाही." त्यानेही नाव लपवलं होतं. खाली बस. बघून बस, तिथे टाचण्या आहेत.

भाऊ : तुला... तुला ते दिसत होतं?

ताई : नाव लपवून लिहिलेलं अ‍ॅडमिनला दिसतं. आत्ता तूच तर मला सांगितलंस.

भाऊ : म्हणजे तेव्हापासून तुला माहीत आहे.

ताई : ती कमेंट आली आणि फोन वाजला. आधी शब्द वाचले. मग नाव वाचलं. मग पुन्हा शब्द वाचले.

भाऊ : ताई, मला वाटलं कुणालाच दिसत नाही.

ताई : बोक्याच आहेस तू. डोळे मिटून दूध प्यायलास म्हणून बघणारे आंधळे होत नाहीत रे.

भाऊ : मला पाणी दे जरा.

ताई : घे. त्या बाटलीतलं नको, ती मशीनच्या तेलाची आहे. हे घे.

भाऊ : तू ती कमेंट उडवली का नाहीस? तुझ्या हातात होतं. एक बटण दाबायचं होतं.

ताई : नियमात बसत होती. शिवी नव्हती, धमकी नव्हती. शेवटचं वाक्य जरा काठावरचं होतं, त्यावर मी बराच विचार केला. पण तेच वाक्य दुसऱ्या कुणाच्या पोस्टखाली असतं तर मी राहू दिलं असतं. मग माझ्याखालचं उडवायचं म्हणजे काय? मी माझी मीच कड घेतली असं झालं असतं.

भाऊ : मग मला विचारायचं होतंस. फोन उचलून शिव्या द्यायच्या होत्यास.

ताई : शिव्या द्यायला आधी मला माहीत आहे हे सांगावं लागलं असतं. नाव कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला होता ना. सगळ्यांना दिला होता. त्यात तूही आलास.

भाऊ : मी तुझा भाऊ आहे.

ताई : तिथे नव्हतास. तिथे तू एक लपलेला माणूस होतास आणि लपलेल्या माणसाला न उघडणं हे माझं काम होतं. फार जड गेलं ते. त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता, आठवतं? "ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मी नुसतं हं म्हणाले आणि फोन ठेवून मशीनवर बसले. ती पूर्ण टीप नंतर उसवावी लागली मला.

भाऊ : मला माहीत असतं तू आहेस, तर मी असं लिहिलं नसतं.

ताई : तेच तर वाईट आहे.

भाऊ : काय?

ताई : मी असते तर लिहिलं नसतंस. दुसरी कुणी होती म्हणून लिहिलंस. ती दुसरीही कुठल्यातरी घरात असते, तिचाही कुणी भाऊ असतो आणि तोही कुठेतरी मीटिंगमध्ये असतो.

भाऊ : बास कर, ताई.

ताई : करते. मलाही आवडत नाही बोलायला. हा बघ, काढला तुला ग्रुपच्या कामातून. आज संध्याकाळी सगळ्यांना लिहिणार आहे. माझ्या अज्ञानाने चूक झाली, एका माणसाला जुनी नावं दिसली. ज्यांना जायचं असेल त्यांनी आपलं लिहिलेलं पुसून जावं. निम्मे जातील. चष्मेवालाही जाईल.

भाऊ : माझं नाव सांगशील?

ताई : एक माणूस, एवढंच लिहीन.

भाऊ : सांगितलंस तरी चालेल मला.

ताई : तुला चालेल रे. मला नाही चालणार.

भाऊ : त्या दिवसानंतर पुन्हा ती तशी कधी...

ताई : एकदाही नाही. त्या दिवशी पुडा संपला आणि मी उठले. जाऊन तिला कोरडं केलं, चादर बदलली, पावडर लावली. त्यानंतर कधी ओली राहिली नाही, कधी घास थुंकला नाही. औषध तोंड उघडून घेते.

भाऊ : माझ्या त्या कमेंटमुळे?

ताई : वाईट वाटून घेऊ नकोस, पण नाही. ती कमेंट दुसऱ्या दिवशी आली. त्याच्या आधीच मला एक युक्ती सापडली होती.

भाऊ : कसली युक्ती?

ताई : आहे एक. चालते.

भाऊ : मला सांग ना. मी नेणार असेन तर मला यायला हवी ती.

ताई : तुला तिची गरज पडणार नाही.

आई : बोक्याऽ... ए बोक्या...

भाऊ : मला हाक मारतेय.

ताई : रोजच मारते. कूस बदलायची वेळ झालीये, तिला बरोबर कळतं. घड्याळ लागत नाही. जा, तू कर आज.

भाऊ : मी?

ताई : आजच नेणार होतास ना? मग शिकून घे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओढायचं नाही, ढकलायचंही नाही. खालच्या चादरीसकट आपल्या अंगाकडे घ्यायचं. मग पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी. चादरीची सुरकुती आधी हाताने सपाट कर, तेवढ्या सुरकुतीनेही कातडी धरते. आणि सगळ्यात आधी?

भाऊ : नाव.

ताई : आणि तिने हं म्हणेपर्यंत थांब.

भाऊ : ताई, मी तिला शेवटचं कधी उचललं ते मला आठवतही नाही.

ताई : उचललंच नाहीयेस. जा. घाबरू नकोस, मी दारात आहे. तुझीच वाट बघत होती ती इतके दिवस.

(आतली खोली. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे.)

भाऊ : आई, बोक्या. मी बोक्या आलोय.

आई : हं.

भाऊ : कुशीवर घेतो हं तुला. असा हात... ताई, असा ना?

ताई : अजून खाली. कमरेशी.

आई : कोण आहे हा?

भाऊ : अगं, बोक्या. मी बोक्या.

आई : हात काढ.

भाऊ : आई, खरंच मी...

आई : खोटं बोलतोस. बोक्याचे हात मला माहीत आहेत. तोच तर रोज कुशीवर घेतो मला. सकाळीही घेऊन गेला. त्याची बोटं खरखरीत आहेत. सुईने झालेली. तू कोण आहेस?

भाऊ : ताई. ही काय म्हणतेय? सकाळी मी आलोही नव्हतो. रोज कोण... ताई, तू आत येऊन काय नाव सांगतेस तिला?

आई : बोक्या... अरे बोक्या, कुठे गेलास रे...

ताई : सरक जरा. हात नको काढूस, माझ्या हाताखाली राहू दे. आई, बोक्या आलाय. हात लावतो हं.

आई : आलास? मघाशी कुणीतरी आलं होतं. तुझं नाव सांगत होतं.